योजना म्हणजे जोडणी : मुसी नदीचा १९०८ चा पूर आणि हैदराबादची पूरसंरक्षण-योजना



आपल्या शाळेच्या या स्मृतिव्याख्यानमालेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने धरणे, सांडवे आणि गटारे यांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण दर वर्षी जमतो ते गणित शिकवीत असत, आणि हौदात पाणी भरणारा एक नळ व हौद रिकामा करणारा दुसरा नळ यांचे उदाहरण फळ्यावर मांडल्याखेरीज त्यांचा तास क्वचितच संपे. त्या हौदाचेच उदाहरण आज मी जरा मोठ्या आकारात मांडणार आहे. हौद आपल्या गावाच्या पश्चिमेला आहे, त्यात दोन नद्या पाणी आणतात, आणि तो भरून वाहिला तर काय होते हे या शहराने एकदा फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे.

समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत पुष्कळ अभियंते आहेत. त्यांच्यापाशी अलीकडे एक शब्द वारंवार ऐकू येतो, ‘सिस्टिम्स इंजिनिअरिंग’. मराठीत आपण त्याला प्रणाली अभियांत्रिकी म्हणू. हा शब्द अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात रुळला आणि पुढे क्षेपणास्त्रे व अवकाशयाने यांच्या निमित्ताने जगभर पसरला. त्यातले मुख्य सूत्र मला समजले ते असे : एखादे मोठे काम हाती घेताना त्याच्या सुट्या भागांआधी त्या संपूर्ण कामाकडे पाहावे, आपल्याला नेमके काय साधायचे आहे हे आधी ठरवावे, कामाची सीमा कुठे पडते ते आखावे, भाग एकमेकांना जिथे भिडतात त्या सांध्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, आणि काम बांधून झाल्यावर ते चालवणार कोण, याचा विचार पहिल्याच दिवशी करावा. भाषेच्या अभ्यासकाला यात एक गंमत दिसते. आपला ‘योजना’ हा शब्द ‘युज्’ या धातूपासून आला आहे, आणि त्या धातूचा अर्थ जोडणे, जुंपणे असा आहे. ‘प्रकल्प’ शब्दात कल्पना आहे, ‘आराखडा’ शब्दात रेघा आहेत. ‘योजना’ शब्दात मात्र मुळातच सांधा आहे. या शहराच्या इतिहासातली एक योजना या दृष्टीने तपासावी, एवढाच आजचा विषय.

मुसी नदी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते, हैदराबादच्या अलीकडे तिला ईसा नदी मिळते, आणि शहराच्या मधून वाहत जाऊन ती पुढे कृष्णेला भेटते. एरवी तिच्याकडे पाहून कोणाला भय वाटावे असे तिचे रूप नाही. १९०८ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस बंगालच्या उपसागराकडून आलेला पाऊस तिच्या खोऱ्यावर कोसळला. शमशाबादला चोवीस तासांत सुमारे १३ इंच पाऊस पडला. दोन दिवसांची बेरीज १९ इंचांच्या घरात गेली. २८ सप्टेंबरला नदी शहरात शिरली. अफझल, मुसल्लम जंग आणि चादरघाट या पुलांची मोडतोड झाली. १५७८ सालचा पुराना पूल तेवढा उभा राहिला. उत्तर काठावरचे अफझलगंजचे रुग्णालय वाहून गेले. त्याच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जपले गेले. मृतांची संख्या साधारणतः १५,००० सांगितली जाते. सुमारे १९,००० घरे पडली आणि शहराच्या लोकसंख्येचा चौथा हिस्सा, म्हणजे ८०,००० माणसे, उघड्यावर आली. जुन्या हैदराबादी उर्दूत या पुराला ‘तुगियानी’ म्हणत. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरात गेली. घरातले ते एकटे मागे राहिले आणि या दुःखावर त्यांनी काव्य लिहिले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपल्या महालांचे दरवाजे लोकांसाठी उघडले, हेही नोंदवले पाहिजे.

मदतकार्य झाले, पण पुढे काय, हा प्रश्न राहिलाच. अशा वेळी दरबारी मंडळींना सुचणारा उपाय बहुधा एकच असतो : नदीच्या दोन्ही काठांना उंच भिंत घाला. हैदराबादनेही तेवढेच केले असते तर आज हे व्याख्यान द्यावे लागले नसते. निजाम सरकारने त्याऐवजी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले.

विश्वेश्वरय्या हे नाव आपण म्हैसूरशी जोडतो. परंतु अभियंता म्हणून ते घडले महाराष्ट्रात. बंगळूरला बी. ए. झाल्यावर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले, १८८३ साली तिथली अभियांत्रिकीची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले, आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू होऊन नाशिकला नेमले गेले. खानदेश, सक्कर, सुरत, पुणे अशी त्यांची नोकरी झाली. तिचा सगळा तपशील सांगत बसत नाही. दोन गोष्टी मात्र आपल्या विषयासाठी हव्यात. पहिली खडकवासल्याची. तिथल्या सांडव्यावर त्यांनी १९०३ साली स्वयंचलित दारे बसवली. तलाव ठरावीक पातळीपर्यंत भरेपर्यंत ती बंद राहत. पाणी वर चढले की आपोआप उघडत आणि उतरले की पुन्हा मिटत. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवता आले आणि पुराच्या रात्री कोणी जागे राहण्याची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट नीरा कालव्यावरची ‘ब्लॉक’ पद्धत. पाणी नुसते कालव्यात सोडून भागत नाही, ते कोणत्या जमिनीला, कोणत्या पिकाला, कोणत्या पाळीने मिळावे हेही ठरवावे लागते, असा तिचा आशय होता. म्हणजे त्यांच्या हिशेबात धरण, कालवा, शेत, पीक आणि शेतकरी हे सारे एकाच यंत्राचे भाग होते. ‘प्रणाली’ हा शब्द तेव्हा कोणी या अर्थाने वापरीत नव्हते, एवढेच.

१९०८ साली ते मुंबई सरकारच्या नोकरीतून बाहेर पडले आणि परदेश पाहायला गेले. युरोपात असतानाच त्यांना निजाम सरकारचे बोलावणे आले. १५ एप्रिल १९०९ रोजी त्यांनी हैदराबादला कामाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्यावर सोपवलेली कामे तीन होती : शहराच्या पुनर्रचनेबाबत सल्ला व साहाय्य देणे, भविष्यात पुरापासून संरक्षण कसे करावे याच्या सूचना करणे, आणि हैदराबाद व चादरघाट यांच्यासाठी सांडपाण्याची संपूर्ण योजना तयार करणे. ही तीन कामे एकाच माणसाकडे एकाच वेळी देण्यात निजाम सरकारने जे शहाणपण दाखवले त्याचे श्रेय इतिहासकारांनी पुरेसे दिलेले नाही, असे माझे मत आहे. पूर वरून येतो, सांडपाणी खालून निघते, आणि दोन्ही त्याच नदीत जातात. पण सरकारी दप्तरात ती सहसा वेगवेगळ्या टेबलांवर असतात.

आता त्यांनी काम कसे केले ते पाहू, कारण खरा ऐवज इथेच आहे. किती उंच भिंत बांधू, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली नाही. त्यांनी आधी विचारले : त्या दोन दिवसांत नदीने नेमके काय केले, आणि का केले? त्यासाठी पावसाच्या नोंदी गोळा केल्या. स्थानिक नोंदी अपुऱ्या पडल्या तेव्हा इतर प्रांतांतल्या मोठ्या पावसांशी त्या ताडून पाहिल्या. पुराच्या खुणांवरून शिखरावरचा ओघ काढला. तो सेकंदाला सुमारे ४,२५,००० घनफूट होता. आणि मग शहरात उभे राहून नदीकडे पाहण्याऐवजी ते वर, खोऱ्यात गेले. शहरापर्यंतचे मुसीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैलांचे. त्यात त्यांनी तलाव मोजले. ते ७८८ निघाले. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ तलाव त्या पावसात फुटले होते, आणि त्यातही बहुसंख्य ईसा नदीच्या खोऱ्यातले होते.

या एका आकड्याने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. तेलंगणातले तलाव, ज्यांना तेलुगूत चेरुवु म्हणतात, ते सुटे नसतात. काकतीयांच्या काळापासूनची पद्धत अशी की वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्या खालच्यात, अशी साखळीच असते. नेहमीच्या पावसात ही साखळी फार उपकारक; पाणी अडते, मुरते, शेते भिजतात. पण अतिवृष्टीत वरचा एक तलाव फुटला की त्याचा सगळा साठा एकदम खालच्यावर जातो. खालच्या तलावाचा सांडवा पावसासाठी बांधलेला असतो, वरच्या तलावासाठी नव्हे. म्हणून तोही जातो. शहरात आलेला पूर हा अशा रीतीने नुसत्या आभाळाचा नव्हता, त्यात दोनशेवर तलावांचे साठलेले पाणीही मिसळले होते. पुण्याशी संबंध असलेल्यांना हे अधिक सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले, त्याचे पाणी खाली खडकवासल्यावर आले, ते धरणही भगदाड पडून गेले आणि पुणे बुडाले. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीला पोहोचले होते. ज्या खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी ती दारे बसवली होती तेच हे धरण. दारे पावसाचा हिशेब जाणत होती. वरचे धरण फुटेल हा हिशेब त्यांच्या रचनेत नव्हता आणि १९०३ साली असणे शक्यही नव्हते, कारण पानशेतचे धरण तेव्हा जन्मालाच आले नव्हते. एका भागाच्या शेजारी नवा भाग आला की जुन्या भागाचेही गणित पुन्हा मांडावे लागते, हे अभियंत्यांनी आपल्या वहीत लिहून ठेवण्यासारखे आहे.

हैदराबादच्या अहवालावर १ ऑक्टोबर १९०९ ही तारीख आहे. त्यातला गाभा थोडक्यात असा : शहरात पुराशी लढू नका, शहराच्या वर त्याला अडवा. मुसीवर एक आणि ईसेवर एक असे दोन जलाशय बांधा; पुराचे शिखर त्यांत थोपवून धरा, आणि नदीच्या पात्राला पेलेल इतकेच पाणी खाली सोडा. शहरात पात्र साफ राखा, काठ बांधून काढा, काठाने रस्ते व बागा करा, म्हणजे पुन्हा तिथे घरे उभी राहणार नाहीत. वरचे जुने तलाव सुस्थितीत ठेवा. आणि सांडपाण्यासाठी बंद नळांची स्वतंत्र व्यवस्था करा, म्हणजे नदी गटार होणार नाही. यातली एकही कल्पना एकेकटी घेतली तर अपूर्व नाही. काठावर बागा करण्याची सूचना वरवर सौंदर्यदृष्टीची वाटते. पण तीही पुराच्या हिशेबातूनच आली होती. ज्या जमिनीला पाणी लागणार आहे ती शोभेसाठी राखली म्हणजे कोणी तिच्यावर हक्क सांगत नाही.

नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता होऊन निघून गेले. सातच महिने ते इथे होते. १९११ साली महबूब अली खानही निवर्तले. ज्याने योजना आखली तो गेला, ज्याने आखायला सांगितली तोही गेला. आपल्याकडच्या शेकडो योजना अशाच वेळी कपाटात जातात. ही गेली नाही. नवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ती उचलली. १९१२ साली नगरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, ज्याला उर्दूत ‘आराइश-ए-बलदा’ म्हणजे नगराची सजावट असे डौलदार नाव होते. मुसीवरच्या धरणाचे काम १९१३ मध्ये सुरू होऊन १९२० मध्ये संपले. तो उस्मानसागर, ज्याला आपण सारे गंडीपेटचा तलाव म्हणतो. ईसेवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. निजामाच्या बांधकाम खात्यातले नवाब अली नवाज जंग यांचे नाव या काळातल्या हैदराबादच्या पाटबंधाऱ्यांशी कायमचे जोडले गेले आहे. पुढचा निजामसागर हेही त्यांचेच कर्तृत्व. विश्वेश्वरय्यांची कीर्ती सांगताना आपण त्यांचा व त्यांच्या हाताखालच्या शेकडो अभियंत्यांचा आणि दगड वाहणाऱ्या हजारो मजुरांचा उल्लेख टाळतो, ते न्याय्य नाही. अहवालाचे मोठेपण मला यातच वाटते की तो इतरांना पुरा करता येईल असा लिहिला होता. कामाचे टप्पे वेगळे करता येत होते, आणि तरी प्रत्येक टप्पा दुसऱ्याला धरून होता.

नदीकाठही पालटला. उच्च न्यायालय, सिटी कॉलेज, उस्मानिया रुग्णालय या ज्या भव्य इमारती आपण काठावर पाहतो त्या या पुनर्रचनेच्या काळातल्या आहेत. याच मंडळाने दाटीच्या गरीब वस्त्याही हलवल्या. त्या माणसांचे पुढे काय झाले याचा विचार इमारतींची छायाचित्रे पाहताना कोणी करीत नाही.

एक सांधा मात्र तेव्हाच निखळला. उस्मानसागरचे पाणी चुनेगच्ची पाटाने केवळ उतारावर वाहत आसिफनगरच्या गाळणीपर्यंत येऊ लागले. त्याआधी हुसेनसागर आणि मीर आलम यांच्या पाण्यावर भागवणाऱ्या शहराला ही मोठी सुबत्ता होती. परंतु घरात पाणी येणे सोपे झाले की घरातून जाणारे पाणीही वाढते. १९०९ च्या योजनेत पाणी आणि सांडपाणी बरोबरीने होते. प्रत्यक्षात धरण आधी झाले आणि नळगटारांचे काम मागे पडले. १९२२ साली विश्वेश्वरय्यांना त्यासाठी पुन्हा बोलवावे लागले. धरणाचे उद्घाटन होते, कोनशिला बसते. गटाराची कोनशिला कोण बसवणार? क्रम चुकला तर योजनेतली प्रत्येक गोष्ट बरोबर असूनही योजना कशी लंगडते याचे हे चांगले उदाहरण आहे. मुसीत आज जे वाहते त्याची सुरुवात किती मागे जाते, हेही यावरून कळावे.

आता गुरुजींच्या हौदाकडे येऊ. या दोन जलाशयांवर दोन कामे आहेत : शहराला पूर येऊ न देणे आणि शहराला पाणी पाजणे. पहिल्या कामासाठी हौद रिकामा हवा, दुसऱ्यासाठी भरलेला. सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे १९०८ चा पूर आला त्याच दिवसांत, पुढच्या उन्हाळ्याची चिंता करणारा अधिकारी तलाव काठोकाठ भरलेला पाहून सुखावतो, आणि पुराची चिंता करणाऱ्याची झोप उडते. बहुतेक ठिकाणी हे दोन्ही अधिकारी एकच गृहस्थ असतात.

हिशेब करून पाहू. ८६० चौरस मैलांवरून एक इंच पाणी वाहून आले तर त्याचे सुमारे दोन अब्ज घनफूट होते. उस्मानसागरची पूर्ण क्षमता सुमारे ३.९ अब्ज घनफूट आणि हिमायतसागरची सुमारे २.९७, बेरीज सात अब्जांच्या आतच. म्हणजे दोन्ही तलाव अगदी कोरडे ठेवले तरी साऱ्या खोऱ्यातून वाहून येणारे साडेतीन इंचांच्या आतले पाणी त्यांत मावेल. पडलेला सगळाच पाऊस वाहून येत नाही, बराचसा मुरतो, हे खरे. पण शमशाबादला एका दिवसात १३ इंच पडला होता. दुसऱ्या बाजूने पाहा. शिखरावरचा तो सव्वाचार लाख घनफुटांचा ओघ सारा या दोन रिकाम्या तलावांत वळवला असे मानले तर ते साडेचार तासांत भरतात. भरलेले असतील तर एका मिनिटाचाही अवधी मिळत नाही. येईल तेवढे पाणी पुढे जाते.

मला जे म्हणायचे आहे ते या आकड्यांत आहे. दोन धरणांनी हैदराबादला पुरापासून कायमचे सोडवले, असे आपण शाळेच्या पुस्तकांपासून ऐकत आलो. धरणांनी एकट्याने ते केलेले नाही, त्यांच्याकडून ते होण्यासारखेही नव्हते. शहराला सोडवले ते एका जोडणीने : वर शेकडो तलाव धड आहेत, त्यांच्या मधले ओढे मोकळे आहेत, जलाशयांत पावसाळ्यात काही जागा रिकामी राखली आहे, दारे वेळेवर उघडतात, आणि खाली नदीच्या पात्रात पाण्याला जायला वाट आहे. यातली एक कडी ढिली झाली तर बाकीच्यांवरचा भार वाढतो, आणि तो वाढल्याचे बाहेरून दिसत नाही. धरणाची भिंत शंभर वर्षे टिकते. दारे किती आणि केव्हा उघडायची याचा निर्णय मात्र दर पावसाळ्यात नव्याने, एखाद्या रात्री, माणसाने घ्यायचा असतो. योजना बांधून संपत नाही, ती चालवावी लागते, आणि तिला चालवण्याचे खाते एकच नसते. तलाव एका खात्याकडे, जलाशय पाणीपुरवठा मंडळाकडे, ओढे महापालिकेकडे, जमीन महसुलाकडे. १९०९ साली हे सारे एका माणसाच्या टेबलावर होते.

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. शहर वाढले, १९६५ पासून मंजिऱ्याचे, २००४ पासून कृष्णेचे आणि २०१५ पासून गोदावरीचे पाणी आले. दूरचे पाणी नळाला आले तशी गंडीपेटच्या खोऱ्याची गरज लोकांना वाटेनाशी झाली. ८ मार्च १९९६ रोजी आंध्र प्रदेश सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढून दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरच्या परिसरातील ८४ गावांत प्रदूषणकारी उद्योग व मोठी बांधकामे यांवर निर्बंध घातले. २०२२ मध्ये तेलंगण सरकारने ते निर्बंध शिथिल करणारा आदेश काढला, आणि त्याच्या समर्थनार्थ सांगितलेले कारण असे की शहर आता या तलावांच्या पाण्यावर अवलंबून नाही. गावकऱ्यांची जमीन पंचवीस वर्षे अडकून पडली होती, त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण या युक्तिवादात हौदाचे एकच काम मोजले आहे. पिण्याच्या पाण्याची गरज संपली म्हणून पुराची संपत नाही. उलट वरची जमीन सिमेंटखाली गेली की मुरणारे पाणीही वाहून येऊ लागते, आणि आपल्या हिशेबातला दर इंच अधिक जड होतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये ही परीक्षा झाली. १३ तारखेच्या रात्री प्रचंड पाऊस पडला, हिमायतसागरची दारे दहा वर्षांनी उघडावी लागली. दोन्ही मोठी धरणे शाबूत राहिली. गगनपहाडच्या अप्पा चेरुवुचा बांध मात्र फुटला आणि त्यात माणसे मेली. काही दिवसांनी बालापूरचा गुर्रम चेरुवु फुटला आणि जुन्या शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. विश्वेश्वरय्यांनी १९०९ मध्ये ज्या लहान तलावांची मोजदाद केली होती, त्यांच्याच जातीचे हे तलाव. बातम्यांत त्या दिवसांत छायाचित्रे मात्र मोठ्या धरणांच्या उघड्या दारांची अधिक होती.

२०२५ च्या सप्टेंबरच्या अखेरीस, १९०८ च्या पुराच्या तिथीला एक-दोन दिवस उरले असताना, वर जोराचा पाऊस झाला आणि दोन्ही जलाशयांतून पाणी सोडावे लागले. गौळीगुड्याजवळ मुसीच्या पात्रातल्या बेटावर इमलीबनचे मोठे बसस्थानक आहे. १९९४ पासून ते तिथे आहे आणि आपल्यापैकी अनेक जण आज तिथूनच इथे आले असतील. रात्री त्याच्या फलाटांवर पाणी चढले आणि अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. १९०९ च्या आराखड्याप्रमाणे नदीच्या दोन काठांमधली सगळी जागा पाण्याची आहे. पाणी ओसरल्यावर चिखल काढून बसगाड्या पुन्हा सुरू करण्यात आल्या.